समुद्राचे नियम ठरवताना कोणाकोणाला विचारायचं? आणि आपण कोल्हापूरकर त्यात कुठे बसतो?

कासारीकाठ (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी,

विषय जरा लांबचा वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

समुद्राचं व्यवस्थापन म्हटलं की आपल्याला आठवते ती पावसाळी बंदी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौका बंद, बाजारात मासे महाग, झालं. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर एक वेगळा विचार रुजलाय. एकेका माशाचा, एकेका जाळ्याचा सुटा नियम करून भागत नाही, सगळी परिसंस्था एकत्र धरावी लागते. सुरमई हवी असेल तर तिचं खाणं असलेले पेडवे आणि बांगडे मागे उरले पाहिजेत. कोळंबीची पिल्लं खाडीतल्या कांदळवनाच्या आडोशाला वाढतात, म्हणजे कांदळवन राहिलं पाहिजे. खाडीत नदीचं गोडं पाणी यायला पाहिजे आणि ते स्वच्छ पाहिजे. आणि या सगळ्यावर ज्यांचं पोट आहे ती माणसंही त्याच हिशोबात धरायची.

1998 साली आफ्रिकेतल्या मलावी देशात या विचाराची 12 तत्त्वं मांडली गेली. 2000 मध्ये जैवविविधता कराराच्या नैरोबीच्या बैठकीत ती स्वीकारली गेली. भारत या करारात आहे. त्यातलं पहिलंच तत्त्व असं की जमीन, पाणी आणि जीवसृष्टी यांच्याकडून आपल्याला काय हवं हे समाजानं ठरवायचं. अमुक केलं तर तमुक होईल हे शास्त्रज्ञ सांगतील, पण काय राखायचं आणि कशावर पाणी सोडायचं ते लोकांनी बोलायचं. अकरावं तत्त्व स्थानिकांचं ज्ञान शास्त्राच्या बरोबरीनं धरा म्हणतं, आणि बारावं म्हणतं की सगळ्या संबंधितांना सामील करून घ्या.

आपल्याकडे क्रम उलटा आहे, असं माझं ठाम मत आहे. आधी नकाशावर रेघ पडते, मग अधिसूचना निघते आणि मग जनसुनावणी. तोवर लोक चिडलेले असतात. मग त्यांच्यावर शिक्का बसतो की यांना ना विकास हवा, ना निसर्ग.

तर मला विचारायचंय ते असं. समुद्राचे नियम ठरवायला बसताना कोणाकोणाला बोलवावं? कोणत्या टप्प्यावर? आणि दर रविवारी कोकणातला मासा खाणाऱ्या आपल्यासारख्या घाटावरच्या लोकांचा त्यात काही संबंध आहे का? मला वाटतं आहे. तुम्हाला?

तांबडापांढरा:
पहिला प्रतिसाद आमचा! आमच्या घरी तांबड्या-पांढऱ्याला पर्याय नाही, पण आईचा उपास सुटला की सुरमई ठरलेली. त्यामुळं संबंध आहे म्हणून आमचं एक मत धरा.

करूळ घाट दुरुस्तीला बंद होता तेव्हा मासे महागले म्हणून आमच्या गल्लीत केवढी चर्चा. घाट बंद झाला की आपल्याला कळतं, समुद्रात मासा कमी झाला की कळत नाही.

मंगळवारपेठ:
मी विरोधात. भावा, आपण पैसे देतो, मासा घेतो. उसाच्या दराच्या बैठकीला मालवणचा माणूस येतो का? साखर तोही खातोच की. मग समुद्राच्या बैठकीत आपण कशाला नाक खुपसायचं? खाणाऱ्या प्रत्येकाला बोलवायचं ठरवलं तर बैठक खासबागेच्या मैदानात घ्यावी लागेल.

ज्याचं पोट थेट दर्यावर आहे त्याला बोलवा, बाकीच्यांनी गप्प बसावं.

देवगडची_लेक:
माहेर देवगड तालुक्यात, सासर कोल्हापुरात, त्यामुळे मला दोन्हीकडून बोलायचा हक्क आहे असं समजते.

मंगळवारपेठ दादा, तुमचं निम्मं पटलं. पहिला पाट रापणकर आणि छोट्या होडीवाल्यांचाच. पण "ज्याचं पोट थेट दर्यावर" म्हणजे कोण, इथेच गाडी अडते. आमच्याकडे रापण कशी चालते ते सांगते. होडी किनाऱ्यावरून जाळं सोडत अर्धा वेढा घेते आणि परत किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं जाळं ओढतात. त्यात म्हातारे असतात, शाळेतून आलेली पोरं असतात. दोर धरला त्याला वाटा. ही माणसं कुठल्या कागदावर मच्छीमार म्हणून नसतात. परवाना होडीला असतो, दोर ओढणाऱ्याला नसतो. बैठकीचं पत्र परवानाधारकाला जातं.

आणि बाया? किनाऱ्यावर मासळी निवडायची, लिलावात बोली लावायची, टोपली घेऊन बाजारात बसायचं, उरलेलं खारवून सुकवायचं, हे सगळं बाया करतात. कुठला मासा किती लहान यायला लागलाय हे त्यांना सगळ्यात आधी कळतं, कारण निवडताना तो त्यांच्या हातातून जातो. माझी आत्या गेली कित्येक वर्षं सांगते आहे की बांगड्याचा वाटा लावताना नग वाढवावे लागतात, कारण नग बारीक येतो. तिला आजवर कोणी विचारायला आलेलं नाही.

गडहिंग्लज_एक्स्प्रेस:
ताई, आत्याबाईंचं अगदी खरं असेल. पण मला एक सांगा, सगळ्यांना विचारत बसलं तर निर्णय कधी होणार? कायदा आहे ना. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा आहे, 2021 मध्ये दुरुस्ती करून दंड वाढवला. केंद्रानं 2017 मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. तरी रात्री समुद्रात दिवाळी असते असं कोकणातलेच मित्र सांगतात. इथं चर्चेपेक्षा गस्तीनौका कमी पडतात. आधी आहे तो कायदा राबवा, मग नवीन बैठका घ्या.

मिरकरवाडा:
मी रत्नागिरीत पर्ससीन नौकांचे (थव्याला मोठ्या जाळ्याचा वेढा घालून मासे धरणाऱ्या) हिशोब बघतो. मूळ गाव कागल तालुक्यात. इथं बोलायला थोडं बिचकतोय, कारण पर्ससीन म्हटलं की सगळे खलनायक बघितल्यासारखं बघतात.

आमची बाजू पण ऐका. एका पर्ससीनवर तांडेल (नौकेचा प्रमुख) धरून पंचवीस-तीस माणसं असतात. बरेच खलाशी नेपाळचे, काही आपल्या घाटावरचे. नौकेवर कर्ज असतं. 2016 च्या फेब्रुवारीत राज्यानं आदेश काढला: पर्ससीन फक्त 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर, तेही ठरावीक पट्ट्यातच, आणि परवाने टप्प्याटप्प्यानं कमी करायचे. आदेशामागं तज्ज्ञ समितीचा अहवाल होता, मासा खरोखर कमी होतोय हेही आम्हाला दिसतं. जाळ्यात जे येतं ते आम्हीच मोजतो ना. पण ज्याचं कर्ज फिटायचंय त्यानं उरलेले आठ महिने काय करायचं, हा प्रश्न त्या आदेशात नव्हता. प्रश्नच विचारला गेला नाही तर उत्तर कुठून येणार? मग माणूस चोरून जातो. चोरीचं समर्थन मी करत नाही. पण गडहिंग्लज एक्स्प्रेस म्हणतात तशा गस्तीनौका कितीही वाढवा, कर्जाचा हप्ता गस्तीपेक्षा जबर असतो.

खलाशांना तर दोन्हीकडचे विसरतात. बैठकीला मालक जातो.

देवगडची_लेक:
@मिरकरवाडा, तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत म्हणून बरं वाटलं. राग पर्ससीनवरच्या माणसांवर नाही. राग याचा आहे की मासळीचा अख्खा थवा खालून दोर ओढून एका वेढ्यात उचलला की किनाऱ्याला रापणीत काही येत नाही. आमच्याकडचे म्हातारे सांगत, "दर्याक सुट्टी व्हयी." पूर्वी बंदी 10 जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा 15 ऑगस्टपर्यंत, जे आधी येईल तोवर असायची. ती 31 जुलैवर आणली. किनाऱ्यावरच्या किती जणांना तेव्हा विचारलं होतं?

वाचनमात्र:
धागा वाचतेय. छान चाललाय. मिरकरवाडा आणि देवगडची लेक इथे ज्या सुरात बोलतायत तसं प्रत्यक्ष बैठकीत झालं तर निम्मं काम होईल.

आकडेमोड:
शिवाजी विद्यापीठातून प्राणिशास्त्र केलं, नंतर काही वर्षं मत्स्यसंशोधनात काम केलं. चर्चेत थोडी भर घालतो.

पहिलं, "लोकांना विचारत बसलं तर निर्णय होत नाही" याबद्दल. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफचं उदाहरण बघा. तिथं मासेमारीला पूर्ण बंद असलेला भाग 5 टक्क्यांपेक्षाही कमी होता. तो वाढवायचा ठरल्यावर लोकांकडून लेखी सूचना मागवल्या. कच्चा आराखडा लोकांसमोर ठेवला, पुन्हा सूचना घेतल्या, दोन्ही वेळच्या मिळून त्या 31,000 च्या वर आल्या, आणि नकाशावरच्या रेघा त्याप्रमाणे हलवल्या. 2004 मध्ये नवा आराखडा लागू झाला तेव्हा बंद भाग जवळपास 33 टक्के होता. म्हणजे विचारल्यामुळे संरक्षण कमी झालं नाही. तिथेही मच्छीमार नाराज झाले, भरपाईवरून बरीच वर्षं वाद चालला, हेही खरं. पण निर्णय झाला.

दुसरं उदाहरण उलटं आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर कॉड मासा शेकडो वर्षं मुबलक होता. 1980 च्या दशकात किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार सांगत होते की मासा घटतोय, बारीक होतोय. सरकारी अंदाज मोठ्या ट्रॉलरच्या आणि सर्वेक्षणाच्या आकड्यांवर चालले होते आणि ते ठीक दिसत होते. कारण उरलेला मासा खोल पाण्यात एकत्र गोळा होत होता आणि ट्रॉलरला तो सापडत होता. 1992 च्या जुलैत सरकारला कॉड मासेमारी बंद करावी लागली. सुमारे 30,000 माणसांचा रोजगार गेला. देवगडच्या लेकीच्या आत्याबाई तिथेही होत्या, त्यांचं ऐकलं नाही.

आपल्याकडे सीएमएफआरआय ही केंद्राची संस्था 1947 पासून किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीची नोंद आणि अभ्यास करते. काम उत्तम आहे. पण बंदरावर उतरतं त्याची नोंद होते. जे समुद्रातच फेकलं जातं, ते फक्त खलाशाला माहीत असतं. म्हणून मिरकरवाडा म्हणतात तसा खलाशी बैठकीत हवा. उपकार म्हणून नव्हे, त्याच्याशिवाय आकडा अपुरा आहे म्हणून.

मंगळवारपेठ:
@आकडेमोड, हे सगळं ऑस्ट्रेलिया-कॅनडातलं. आपल्याकडं कुठं जमलंय का? एक तरी दाखवा.

आकडेमोड:
दाखवतो. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी खाडी आहे. तिथं शिंपल्यांचा मोठा धंदा आहे. निर्यात वाढली, उपसा वाढला, शिंपल्या कमी झाल्या. तेव्हा काढणाऱ्या लोकांनी, शास्त्रज्ञांनी आणि प्रशासनानं मिळून नियम बसवले. डिसेंबर ते फेब्रुवारी हा प्रजननाचा काळ पूर्ण बंद, जाळ्याचं भोक ठरावीक मापापेक्षा लहान नको, बारीक शिंपल्या निर्यात करायच्या नाहीत. शिंपल्या सावरल्या. 2014 मध्ये या मासेमारीला शाश्वततेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. नियम पाळतात कोण? शिंपल्या काढणारेच. चोरी करणारा शेजारी त्यांना रोज दिसतो.

सागरवेडी:
मालवणचं कोणीच कसं काढलं नाही? 13 एप्रिल 1987 ला मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. 29.12 चौरस किलोमीटर, त्यातला 3.18 गाभा, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्यातच. गाभ्यात मासेमारी नाही. तिथल्या मच्छीमारांचा पहिल्यापासून विरोध, कारण रोजचा मासा तिथलाच. अभयारण्य कागदावर आहे, समुद्रात शोधावं लागतं.

आणि आता मंगळवारपेठ यांच्या मूळ आक्षेपाचं उत्तर. त्याच गाभ्याच्या आसपास शनिवार-रविवारी स्नॉर्केलिंग आणि स्कूबा करायला येतो कोण? कोल्हापूरच्या, एमएच-09 च्या गाड्या मोजा एकदा. मी स्वतः दरवर्षी जाते. होडी थांबवायला नांगर टाकतात तो कधी कधी थेट प्रवाळावर पडतो. एकदा मी खाली असताना नांगराची साखळी प्रवाळाच्या कडेवरून घासत गेली, पांढरा चुरा उठला आणि पाणी गढूळ झालं. त्या तळहाताएवढ्या तुकड्याला वाढायला किती वर्षं लागली असतील. वर आल्यावर होडीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, पक्की बोया बसवून द्या, आम्हाला पण नांगर टाकायची हौस नाही." त्याचं म्हणणं रास्त होतं. होडीवाल्यालाही कोणी विचारलेलं नव्हतं.

म्हणून माझं उत्तर: हो, पर्यटक म्हणून कोल्हापूरकराचा संबंध आहे, आणि बोयांसाठी दोन पैसे जास्त द्यायची तयारीही हवी.

तांबडापांढरा:
ताई, एमएच-09 मोजायला माणूस ठेवायला लागेल, आणि तोही कोल्हापूरचाच निघेल.

पण बोयांचे पैसे द्यायला मी तयार आहे, हे मनापासून.

शिरोळचा_शेतकरी:
सगळे पश्चिमेकडं बघताय. जरा पूर्वेकडं पण बघा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती मिळून पंचगंगा होते, नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा जाते थेट आंध्रात, हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात. म्हणजे आपल्या नदीचं पाणी मालवणच्या समुद्राला लागतच नाही. आपण मासा घेतो अरबी समुद्राचा आणि घाण पाठवतो बंगालच्या उपसागराकडं.

आमच्या तेरवाड बंधाऱ्यावर या एकदा उन्हाळ्यात. पाणी काळं, वर फेस, आणि मेलेले मासे पांढरे पोट करून बंधाऱ्याला अडकलेले. वास दोन दिवस कपड्याला राहतो. शहराचं सांडपाणी, उद्योगाचं पाणी आणि आमच्या उसाच्या रानातून निचरून जाणारा युरिया, तिन्ही त्यात. मी स्वतः ऊस लावतो म्हणून सांगतोय. नदीत वांब, मरळ धरणारे भोई होते आमच्या गावात, बहुतेकांनी जाळी ठेवून दिली. धागाकर्त्यानं गोडं पाणी स्वच्छ पाहिजे असं लिहिलंय, तर मग समुद्राच्या बैठकीला ऊसवाला, कारखाना आणि नगरपालिका पण बोलवायला लागतील. आणि आंध्रातल्या खाडीतल्या माणसाला शिरोळच्या माणसाशी बोलता आलं पाहिजे.

गडहिंग्लज_एक्स्प्रेस:
मधे अलमट्टी धरण आहे की, तिथंच निम्मं अडकतं. आणि अलमट्टीच्या उंचीचं काय

मंगळवारपेठ:
अलमट्टी आली! आता पुराचा विषय निघणार आणि हा धागा 2019 ला जाऊन पोचणार. संपादक, लक्ष असू द्या.

शिरोळचा_शेतकरी:
पूर आमच्या घरात शिरतो भावा, तुमच्या नाही. पण बरोबर आहे, त्याला वेगळा धागा काढू. इथं एवढंच म्हणतो की धरणं झाली की नदीनं समुद्राला न्यायचा गाळ पण अडतो. कृष्णेच्या मुखाशी किनारा खचतोय त्यामागं हे एक कारण आहे. पाणी, गाळ, घाण, तिन्हीचा हिशोब एकाच वहीत लिहायला पाहिजे.

निवृत्त_अभियंता:
पाटबंधारे खात्यात नोकरी झाली, बहुतेक कोल्हापूर जिल्ह्यातच. समुद्रातलं मला फार कळत नाही. पण "लोकांना कोणत्या टप्प्यावर बोलवायचं" या प्रश्नावर थोडं सांगू शकतो, कारण नदीवर आम्ही हेच केलं.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला पावसाळा सरला की बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात, पुढच्या पावसाआधी काढतात. उन्हाळ्यात धरणात पाणी कमी राहिलं की उपसाबंदी लावावी लागते. अमुक दिवस मोटारी बंद, अमुक दिवस चालू, नदीच्या टप्प्याप्रमाणे. आता ही बंदी दोन प्रकारे लावता येते. एक, कार्यालयात बसून तारखा काढायच्या आणि पत्रक लावायचं. मी असं झालेलं बघितलंय. रात्री मोटारी चालू, वीज तोडायला गेलेल्या माणसांभोवती गर्दी, मग पोलीस, मग मोर्चा. दुसरा प्रकार, आधी पाणीपुरवठा संस्थांच्या लोकांना बोलवायचं. धरणात किती पाणी आहे, पिण्याला किती राखायचं, किती दिवस काढायचेत, हे सगळे आकडे फळ्यावर मांडायचे आणि मग विचारायचं: तुम्हीच सांगा, कोणते दिवस बंद ठेवायचे? लोक भांडतात. दोन-दोन तास भांडतात. उसाची लागण कोणाची, खोडवा कोणाचा, भाजी कोणाची, सगळं निघतं. पण उठताना जे दिवस ठरतात ते पाळले जातात, कारण मोडणाऱ्याला गाव विचारतं.

त्यात एक गोष्ट मी मुद्दाम करायचो. पहिल्यांदा टेलच्या, म्हणजे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं त्या शेतकऱ्याला बोलू द्यायचं. वरच्या अंगाचा, मोठ्या मोटारीवाला आधी बोलला की खालचा गप्प बसतो आणि नंतर बाहेर जाऊन शिव्या देतो. समुद्रावर टेलचा माणूस कोण? वर वाचलं त्यावरून मला वाटतं रापणीचा दोर ओढणारे आणि टोपलीवाल्या बाया.

कासारीकाठ:
@निवृत्त_अभियंता काका, मला याच प्रतिसादाची वाट होती. "आकडे फळ्यावर मांडून मग विचारायचं" हेच हवं आहे. नुसतं "तुमचं मत काय" विचारलं तर प्रत्येक जण आपली तक्रार सांगतो. समोर आकडा असला की तो त्यातून वाट काढायला लागतो.

मिरकरवाडा:
काका, एक अडचण आहे. नदीवर मोटार कोणाची ते कळतं. समुद्रात कोणी किती मासा मारला ते कसं कळणार?

आकडेमोड:
सोसायटीकडून. मच्छीमारांना डिझेलवरचा कर परतावा सहकारी संस्थेमार्फत मिळतो. परताव्याच्या अर्जाबरोबर फेरीची नोंद जोडायला सांगता येईल: कुठं गेलात, काय आलं, काय फेकलं. मात्र त्या नोंदीवरून दंड लावायचा नाही, हे आधी लेखी द्यायला हवं. नाहीतर कोणी खरं लिहिणार नाही.

विश्वास ठेवला की काय होतं त्याचं एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. 2018 च्या अखेरीस वनखात्यानं योजना आणली की जाळ्यात कासव, बहिरी मोरी (व्हेल शार्क) असा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमारानं जाळं कापून तो सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई. सुटकेचा फोटो किंवा व्हिडिओ द्यायचा.

देवगडची_लेक:
हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माहेरच्या शेजारच्या दादांच्या जाळ्यात कासव आलं होतं. पुढचे वल्हे जाळ्यात गुंतून सुजलेले, मानेला दोन वेढे. त्यांनी सुरीनं एकेक पीळ कापला, भाच्यानं मोबाईलवर सगळं घेतलं. जाळं नवंच होतं. "कासव देवाचं, पण जाळं बँकेचं" असं ते म्हणायचे. भरपाई मिळायला वेळ लागला, पण मिळाली. आता त्यांच्याकडे कोणाला काही सापडलं की लोक त्यांनाच फोन करतात. म्हणजे खात्याला फुकटचा कार्यकर्ता मिळाला.

शिरोळचा_शेतकरी:
"कासव देवाचं, जाळं बँकेचं." यात सगळं आलं बघा. आमचं पण असंच आहे, नदी देवाची आणि पीककर्ज सोसायटीचं. गेल्या वर्षी, 2025 ला, राज्यानं मासेमारीला शेतीसारखा दर्जा दिला, तेव्हा मला बरं वाटलेलं.

गडहिंग्लज_एक्स्प्रेस:
माझं मत तेच आहे, कायद्याशिवाय चालणार नाही. अष्टमुडीत सुद्धा शेवटी सरकारचा आदेश होताच. पण गस्तीनौकेवर एक जागा सोसायटीच्या माणसाला द्यावी असं मला आता वाटतं. कुठल्या खडपाच्या आड कोण लपतो ते त्यालाच ठाऊक.

सुकटप्रेमी:
उशिरा आलो. एक मुद्दा राहिलाय, सुकी मासळी. आपल्या खेड्यातल्या आठवडी बाजारात मे महिन्यात सुकटवाल्या बसतात, पोत्यावर सुकट, सोडे, खारा बांगडा, बोंबील मांडून. शेतमजुराच्या घरात पावसाळाभर तेच कालवण. पापलेट महाग झालं तर आपण चिकन आणू. सुकट महाग झाली तर त्या घरात काय शिजणार? बारीक मासा फिशमीलच्या कारखान्याकडं कोंबडी आणि कोळंबीच्या खाद्यासाठी जायला लागला, तर सगळ्यात आधी झळ तिथं बसते. घाटावरचा संबंधित शोधायचा तर सुरमई खाणाऱ्याच्या आधी सुकट खाणारा शोधा.

कासारीकाठ:
सुकटप्रेमी, हा मुद्दा माझ्या डोक्यातही नव्हता. लाख मोलाचा. सुकटवाल्या मावशी दोन्ही टोकांना ओळखतात, किनाऱ्यावरच्या सुकवणाऱ्या बाईला आणि आपल्या बाजारातल्या गिऱ्हाइकाला. घाटावरून एकच प्रतिनिधी पाठवायचा असेल तर मी त्यांना पाठवीन.

मंगळवारपेठ:
बैठकीला मी अजूनही जाणार नाही, माझं म्हणणं तेच आहे. ज्याचा दोर त्याचा शब्द आधी. पण बाजारात मी काय करावं ते सांगा. परवा पापलेट घेतले, घरी आल्यावर बायको म्हणाली ही पिल्लं आहेत. किती मोठं घ्यायचं असतं?

आकडेमोड:
2023 मध्ये राज्यानं 54 जातींच्या माशांची किमान मापं जाहीर केली, त्याहून लहान मासा धरायचा नाही. पापलेटला 135 मिलिमीटर, बोंबलाला 180. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा दर्जाही मिळाला. सोपा हिशोब सांगतो: आजकालचे बहुतेक मोबाईल 150 मिलिमीटरच्या पुढे असतात. पापलेट मोबाईलपेक्षा बराच आखूड भरला तर घेऊ नका. आणि मावशींवर ओरडू नका, त्यांच्याकडे जे येतं ते त्या विकतात. "पुढच्या वेळी मोठं असलं तरच घेणार" एवढं सांगा, तो निरोप खाली बंदरापर्यंत जातो.

मिरकरवाडा:
जातो, याला मी साक्षी आहे. कोल्हापूरच्या व्यापाऱ्यानं बारीक मालाला नाही म्हटलं की लिलावात त्याचा दर पडतो, आणि दर पडला की तांडेल पुढच्या फेरीला जाळं बघून टाकतो.

कासारीकाठ:
मग दोन कामं ठरवू या. आपल्या बाजारात जास्त येणाऱ्या दहा-बारा माशांची मापं मी मराठीत, मोठ्या अक्षरात टाईप करून इथे टाकतो. आकडेमोड, तुम्ही तपासून द्या. देवगडची लेक, माशांची तिकडची नावंही शेजारी लिहून द्याल का? तक्ता आधी मासळी बाजारातल्या बायकांना दाखवायचा, त्यांना पटला आणि त्यांनी सुचवलेले बदल झाले की मगच लावायचा.

दुसरं, निवृत्त अभियंता काका, उपसाबंदीच्या बैठका तुम्ही कशा घेत होतात ते सविस्तर लिहा. मिरकरवाडा तो मजकूर रत्नागिरीतल्या सोसायटीत वाचून दाखवतील.

मिरकरवाडा:
दाखवतो. नौका बंद आहेत तोवर लिहा काका, सगळे किनाऱ्यावर असतात. ऑगस्ट उजाडला की कोणी सापडत नाही.

निवृत्त_अभियंता:
रविवारपर्यंत देतो.